लाभ, दोन, तीन

हेमा दूध पिता पिता मध्येच थांबायची आणि आईच्या गळ्यातला टाक मुठीत धरायची. आठ महिन्यांचं पोर ते, त्या चांदीच्या चपट्या तुकड्यावर कोण उभं आहे हे तिला काय कळणार? अंगठ्याच्या नखाएवढी एक बाई, डोळ्यांचे दोन ठिपके, ओठांची एक रेघ. सुमती हळूच एकेक इवलं बोट सोडवी आणि टाक पाठीवर टाकून देई. तेवढ्यानं पोर भोकाड पसरी, आणि स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणत, "राहू दे की ग, धाकटे. थोरलीच आहे ती. तिलाही वाटत असेल!"

तिलाही वाटत असेल. हे तीन शब्द ऐकले की सुमती पोरीला छातीशी घट्ट धरायची.

थोरली म्हणजे सुमतीच्या नवऱ्याची, हरिहरपंतांची, पहिली बायको. बारा वर्षांपूर्वी, अठराशे बहात्तर सालच्या फाल्गुनात, पहिल्या बाळंतपणात ती गेली. बाळही तिच्याबरोबर गेलं. दुसरेपणावर आलेल्या बायकोनं पहिलीचा टाक गळ्यात बाळगावा, म्हणजे ती शांत राहते, अशी रीत. नवी चोळी आली, आधी टाकाला लाव. बांगड्या भरल्या, आधी टाकाला टेकव. हेमाचं पहिलं झबलंसुद्धा सासूबाईंनी टाकाला लावून मगच पोरीच्या अंगात घातलं होतं. झबल्याला सुमतीची ना नव्हती. पण पोरीला तो टाक लागू नये म्हणून ती डोळ्यांत तेल घालून जपायची. ज्या बाईचं स्वतःचं मूल हातातून गेलं, तिच्या हातात आपलं मूल कोण देईल?

यंदा सुमतीला अठरावं लागलं होतं. थोरली गेली तेव्हा तीही अठराचीच होती. पुढच्या वर्षी सुमती तिच्याहून मोठी होणार आणि तरीही धाकटीच राहणार.

आणखी एक सल होता. लग्नात हरिहरपंतांनी तांदळात अंगठीनं पहिलीचं नाव लिहिलं ते चित्रा, आकाशातल्या नक्षत्राचं. सुमतीच्या वेळी सासूबाईंनी विचारलं, "काय रे नाव ठेवायचं?" तर म्हणाले होते, "तुला आवडेल ते."

हरिहरपंत ठाण्यातल्या एका शाळेत गणित शिकवत. टेंभी नाक्यापासून हाकेच्या अंतरावर त्यांचं कौलारू घर होतं, आणि मागच्या अंगणात एका तिवईवर, मेणकापडात गुंडाळलेली, दोन हात लांबीची पितळी दुर्बीण होती. रेल्वेच्या पुलांवर काम करणारा एक गोरा इंजिनीअर विलायतेला परतताना ती त्यांना देऊन गेला होता. लोक देवघर जपतात तशी पंतांनी ती जपली. लग्न होऊन आली तेव्हा सुमतीला वाटलं होतं, यांना ताऱ्यांचा नाद आहे. वर्ष उलटल्यावर कळलं, यांना दोनच ताऱ्यांचा नाद आहे.

मृगाच्या पायाशी बारीक ताऱ्यांची एक नागमोडी ओळ जाते. इंग्रजी पुस्तकं तिला नदी म्हणतात. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या होत्या, "मेलेल्या हरणाच्या पलीकडची नदी? मग वैतरणीच ती! गाईचं शेपूट धरून जायची." त्या नदीत डोळ्यांना जेमतेम दिसणारा एक तारा आहे, आणि त्याच्यामागून, दुर्बिणीतही फुंकरीनं विझेलसा वाटणारा दुसरा येतो. थोरला आणि धाकटा. ही नावं चित्रानं ठेवलेली, घरात अजून कोणी धाकटी यायची होती तेव्हाची.

"हे दोघं एकमेकांचे कोण, हा प्रश्न आहे," पंतांनी एकदा सुमतीला समजावलं होतं. शिकवायला लागले की त्यांचा चेहरा मोकळा व्हायचा. "संध्याकाळी खाडीवर दोन दिवे शेजारी दिसतात ना? एक काठाशी असतो, दुसरा पार पलीकडे मिठागरात. आपल्या डोळ्यांनाच ते शेजारी. पण दोन्ही एकाच तरंगत्या पडावावरचे असले तर?"

"तर पडाव हलला की दोन्ही हलतील."

"शाबास! थोरला हलतो, हे ठाऊक आहे. पुस्तकात छापलंय. अगदी थोडा हलतो, पूर्वेकडे, धाकट्याच्या दिशेनं. धाकटा जर दूर कुठं मागं असेल, नुसताच त्या दिशेला दिसणारा, तर दोघांतलं अंतर कमी होईल. आणि धाकटा त्याचा सोबती असेल, तर तोही तेवढाच पुढं जाईल. अंतर तेवढंच राहील."

"किती कमी होईल?"

"एक ठोका. एका तपात एक ठोका."

ठोका म्हणजे माजघरातल्या मोठ्या लंबकाच्या घड्याळाचा. मोजायची पद्धत अशी, की नळी एकदा रोखली की हलवायची नाही. आकाश आपणहून सरकतं. नळीत एक उभी काळी रेघ आहे. थोरला रेघेआड गेला की पंत ओरडणार, "आता!" मग धाकटा रेघेआड जाईपर्यंत घड्याळाचे ठोके मोजायचे, पुन्हा "आता!" ऐकू आलं की थांबायचं आणि आकडा लिहायचा. अंगणात दिवा आणला तर धाकटा दिसेनासा होतो. म्हणून मोजणारीनं आत, दाराआड, घड्याळापुढं समई घेऊन बसायचं. आणि मनातल्या मनात मोजायचं. बायकोनं दौत-लेखणी घेऊन बसणं हेच शेजारच्यांच्या तोंडी झालेलं, त्यात मोठ्यानं आकडे कोण म्हणणार?

बारा वर्षांपूर्वी तिथं चित्रा बसली होती. पौषापासून माघ सरेपर्यंत, पोटात आठवा-नववा महिना घेऊन. तिची वही पंतांच्या पेटीत होती. गोल, ठसठशीत बाळबोध अक्षर, तिथी आणि पुढं आकडा: ४८. दुसऱ्या ओळीत ४८. कधी पाव ठोका इकडे, कधी तिकडे. बारा ओळी. शेवटच्या पानावर सरावासाठी मोजलेली दुसरी एक जोडी: २४. बाळंतपणाच्या चार दिवस आधी ती पंतांना म्हणाली होती, "एका तपानं पुन्हा मोजा. मी असेन नसेन. धाकटा थोरल्याची सोबत सोडायचा नाही, बघा तुम्ही."

चौऱ्याऐंशी सालच्या पौषात तप पुरं झालं.

सुमतीनं त्या दिवसांत देवापाशी दुसरं काही मागितलं नाही. तिचं मागणं एवढंच होतं, की ते दोन तारे एकमेकांचे कोणीही नसावेत. एक ठोका कमी भरावा. म्हणजे थोरलीचा शब्द खोटा पडेल आणि बारा वर्षं त्या शब्दापाशी बसून राहिलेला आपला नवरा उठून घरात येईल. हेमा झाल्यापासून पंतांनी तिला दोनदा हातात घेतलं होतं, तेही सासूबाईंनी दिली म्हणून, पोथी धरतात तशी.

पौर्णिमा होऊन चार दिवस गेले. चंद्र उशिरा उगवू लागला. त्या संध्याकाळी दिवेलागण झाल्यावर पंतांनी मेणकापड काढलं. सुमतीनं हेमाला पाजून पाळण्यात घातलं आणि घड्याळापुढं पाट मांडला.

"आता!"

पुढच्या ठोक्याला सुमती मनात म्हणाली, एक. मग दोन. तीन. समईची ज्योत सरळ उभी होती. दहाच्या पुढं गेल्यावर तिला वाटलं, आपल्याबरोबर आणखी कोणीतरी मोजतं आहे. आवाज असा नव्हे. कानाच्या पाळीशी ऊन श्वास लागावा तसं काहीतरी. ती वीस म्हणाली तेव्हा ते एकवीस म्हणालं. ती तीस, तर ते एकतीस. चुकले की काय मी? तिनं दात आवळून आपला आकडा धरून ठेवला, गर्दीत पोराचा हात धरावा तसा. एक्केचाळीस. बेचाळीस, म्हणालं ते.

"आता!"

सत्तेचाळीस. तिनं घाईनं लिहिलं आणि सातावर शाई पडली.

"किती?" बाहेरून पंतांचा आवाज आला.

"सत्तेचाळीस."

बाहेर तिवई सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "पुन्हा घेऊ."

सहा संध्याकाळी घेतलं. सहाही वेळा सत्तेचाळीस. आणि सहाही वेळा ते दुसरं मोजणं तिच्या एक पाऊल पुढं चालत राहिलं. सुमतीनं कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सासूबाईंनी दहीभात उतरून टाकला असता आणि मग हेमाच्या दंडाला नाना दोरे आले असते.

तिसऱ्या संध्याकाळी पंतांनी तिला बाहेर बोलावलं. "बघायचाय थोरला?" चार वर्षांत पहिल्यांदा. सुमतीनं डोळा लावला. काळोखात एक पिवळसर थेंब हळूहळू सरकत होता, आणि मधे उभी एक काळी रेघ, किंचित बाक असलेली.

"ही तार कशाची हो?"

"तार नव्हे. रेशीम जाड पडत होतं, आणि कोळ्याचा धागा वाऱ्यानं तुटायचा." पंत थांबले. "केस आहे तो."

कोणाचा, हे सुमतीनं विचारलं नाही. थेंब त्या केसाआड गेला आणि नाहीसा झाला, आणि तिनं डोळा काढला.

सहाव्या दिवशी पंतांनी बारा आकडे आणि सहा आकडे समोरासमोर मांडले. अठ्ठेचाळीस आणि सत्तेचाळीस. एक ठोका कमी. पुस्तकात छापल्याप्रमाणे थोरला पुढं गेला होता आणि धाकटा होता तिथंच राहिला होता.

"कोणी नव्हेत ते एकमेकांचे," पंत म्हणाले. हसले असावेत. "तिच्याच अठ्ठेचाळीसनं तिला खोटं पाडलं."

त्यांनी वही पेटीत ठेवली आणि पेटी माळ्यावर. दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी शाळेतून आले, पगडी खुंटीला लावली आणि पाळण्याशी उभे राहिले. हेमानं त्यांच्याकडे बघून तोंडातून लाळेचा फुगा काढला.

"हिला हे कोणी शिकवलं?"

"उपजतच येतं," सुमती म्हणाली. "बापावर गेलीय. तोही वर तोंड करूनच बसतो."

पंत मोठ्यानं हसले. सासूबाई पोळपाट ठेवून दारात येऊन बघू लागल्या, इतके मोठ्यानं. त्यांनी पोरीला उचललं, आणि या वेळी पोथीसारखं धरलं नाही.

काय ते दिवस होते! पंत शाळेतून थेट घरी येत. हेमाला खांद्यावर घेऊन अंगणात फिरत आणि तिला पाढे म्हणून दाखवत. पोरीला त्यांच्या चपलांचा आवाज कळू लागला, ती पाळण्यात पाय झाडू लागली. टाक सुमतीच्या गळ्यात नुसता चांदीचा तुकडा होऊन पडला होता. पाठीवर टाकायचं ती कधीकधी विसरूनही जायची.

रथसप्तमीला कल्याणहून बोलावणं आलं. थोरलीच्या आईचं. सुमतीला त्या आपली मुलगी मानायच्या. वर्षातून एकदा ओटी भरायच्या आणि डोळे पुसायच्या. पंतांनी मायलेकींना सकाळच्या गाडीनं कल्याणला आणून सोडलं आणि आपण नदीकाठी शहाडला एका मित्राला भेटायला गेले.

कल्याणच्या आईंचं घर म्हणजे भाताच्या वखारीला लागून दोन खोल्या. यजमान हयातभर त्या वखारीवर कारकून होते. आता ते नव्हते, पण घराला अजून कोंड्याचा वास होता. आईंनी हेमाला मांडीवर घेतलं, तिच्या तळपायांना नाक लावलं आणि म्हणाल्या, "माझ्या गोदूचे पाय असेच होते ग. सपाट. बदकासारखे." चित्रा हे त्यांच्या तोंडात कधी बसलंच नाही.

हळदीकुंकू झालं. आई कोपऱ्यातल्या कणगीपाशी बसल्या आणि सुमतीबरोबर द्यायला नवे तांदूळ मापू लागल्या. पहिलं माप भरून हातात घेतलं, वरून तळवा फिरवला, आणि पिशवीत रिकामं करत म्हणाल्या, "लाभ." दुसरं घेतलं. "दोन." मग, "तीन."

यात नवं काही नव्हतं. धान्य मापताना एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. सुमतीची आईही असंच मापायची.

"तुझ्या सवतीला हेच वेड," आई मापता मापता सांगू लागल्या. "वखारीत वाढलेली पोर. बाकीचे धान्य लाभानं मोजतात, ही सगळंच मोजायची. पायऱ्या, पावलं, वेणीचे पेड. इथून तळ्यापर्यंत चाळीस पावलं आहेत. ही म्हणायची एक्केचाळीस. बाप चिडवायचा, 'गोदे, एक पाऊल जास्त कुठून आणलंस?' तर म्हणायची, 'निघताना उभी होते ते नको मोजायला? पायाखालची जागा सोडून मोजलं तर तिला काय वाटेल?'" आई हसल्या. "लाभ म्हणायची आणि उभीच राहायची. मग पाऊल उचलून दोन. काय झालं ग? घेरी आली का?"

"नाही, आई."

"पांढरी पडलीस ती."

सुमतीनं हेमाला छातीशी घेतलं. घड्याळापुढं बसलेली ती पोरगी तिला समोर दिसत होती. बाहेरून "आता!" आलं, आणि त्याच ठोक्याला ती म्हणाली, लाभ. उभी होती ती जागा आधी मोजली. मग दोन. मग तीन. मनातल्या मनात, म्हणून कोणाला कधी कळलंच नाही. सुमतीचा एक म्हणजे तिचे दोन. सुमतीचे वीस म्हणजे तिचे एकवीस. तिचे अठ्ठेचाळीस ते सुमतीचे सत्तेचाळीसच.

अंतर तसूभर कमी झालेलं नव्हतं. धाकट्यानं सोबत सोडलेली नव्हती.

परतीच्या गाडीत पंतांनी हेमाला खिडकीतून खाडी दाखवली. "तो बघ पडाव. त्यावर बघ दिवा लावतायत." पोरगी त्यांच्या गालावर हात मारत होती. सुमती तांदळाची पिशवी पायाशी घेऊन बसली होती.

मग पंधरा-सतरा दिवस ती गप्पच राहिली. चंद्र आकाशात होता, दुर्बीण मेणकापडात होती, कोणी काही विचारत नव्हतं. तिनं मनाशी सगळे वकिली मुद्दे मांडून पाहिले. आई म्हाताऱ्या झाल्या, चुकीचं आठवत असतील. पावलं तशी मोजली म्हणून ठोकेही तसेच मोजले असतील कशावरून? आणि खरं असलं तरी काय? आकाशातले दोन दिवे एका पडावावर असले काय, नसले काय, माझ्या पोरीच्या बापानं घरी यावं यात कोणाचं काय जातं? जी गेली तिचं तर काहीच जात नाही.

पण पहाटे हेमाला पाजायला ती उठायची, तेव्हा माजघरातून घड्याळाचे ठोके येत, आणि न मोजायचं ठरवूनही मन मोजू लागे. आणि कानाशी तो श्वास, एक पुढं. पूर्वी सुमतीला त्याची भीती वाटायची. आता त्यात तिला सपाट पायांची एक पोरगी ऐकू येई. पोट गुडघ्यांवर टेकलेलं, पाठीला कळ, सासूच्या पावलांकडे एक कान. घरादारानं कुचेष्टा केलेलं काम ती अचूक करत होती. बारा वर्षं ती बरोबर होती. आणि जगात हे कळलेलं माणूस एकच. तेही तिचा टाक पाठीवर टाकणारं.

माघ वद्यात एका दुपारी पंतांनी माळ्यावरची पेटी काढली. सुमती पायांवर हेमाला घेऊन तेल चोळत होती.

"फाल्गुनात तिची तिथी आहे," पंत म्हणाले. "त्या दिवशी ही वही तळ्यात सोडतो. दुर्बिणीतला तो केसही काढून टाकतो. नवा तंतू बसवीन." त्यांनी सुमतीकडे पाहिलं. त्या पाहण्यात अशी माया होती की तिला ती सोसेना. "पुष्कळ दिवस तुला मी... जाऊ दे. जे नव्हतंच त्याच्यापाशी किती बसायचं!"

आता नुसतं गप्प राहायचं होतं. आणखी एक महिना. हेमाची पोटरी तिच्या तळव्यात होती, तेलानं निसरडी. सुमतीनं ती सोडली नाही, आणि मान वर न करता म्हणाली, "होतं."

"काय?"

"तुम्ही म्हणता, नव्हतंच. ते होतं. तिचं मोजणं लाभापासून होतं. माझं एकापासून."

पंतांना कळायला वेळ लागला. मग ते विद्यार्थ्याची चूक काढावी तसं म्हणाले, "लाभ म्हणजे एकच की. काय फरक पडतो?"

"'आता' म्हटल्या ठोक्यालाच ती लाभ म्हणायची. मी पुढच्या ठोक्याला एक म्हणते." तिनं कल्याणच्या पावलांची गोष्ट सांगितली. चाळीस आणि एक्केचाळीस.

पंत उठले, दारापर्यंत गेले, परत आले. "ही आठवण झाली. हे प्रमाण नव्हे."

"वहीत शेवटच्या पानावर आणखी एक जोडी आहे. तुम्ही सरावाला दिली होती ती. तिच्यात कोणी हलत नाही, असं पुस्तक म्हणतं ना? तिथं तिनं चोवीस लिहिलेत. ती आज मोजा. चोवीसच आले तर मी खोटी, मग वही खुशाल बुडवा."

त्या संध्याकाळी आकाश स्वच्छ होतं. सुमतीनं पाट मांडला, नेहमीसारखा एक धरून मोजला. तेवीस. पंतांनी पुन्हा घ्यायला लावलं. तेवीस. तिसऱ्यांदा त्यांनी काही न सांगताच ती लाभापासून मोजू लागली, आणि चोवीस आले.

पंत आत आले. समईच्या उजेडात त्यांचा चेहरा अगदी पोरासोरासारखा दिसत होता. वही उघडून त्यांनी त्या बारा ओळींवर बोट फिरवलं, प्रत्येक आठावर थांबत. "अठ्ठेचाळीस उणे एक," ते स्वतःशी म्हणाले. "सोबतीच आहे. सोबतीच आहे ग!" मग वर पाहिलं. "हे तुला कधी कळलं?"

"रथसप्तमीला."

"मग इतके दिवस?"

सुमतीनं पाळण्याकडे पाहिलं. हेमा जागी होती आणि बापाचा आवाज ऐकून पाय झाडत होती.

"पोरीला तुमची सवय लागली होती," ती म्हणाली.

पंतांनी पाळण्याकडे एक पाऊल टाकलं. बोलायचं असावं, ओठ हलले. पण त्यांची नजर वहीवर गेली, वहीवरून दाराकडे, दाराबाहेरच्या काळोखाकडे. "थोरला माडांमागं जाईल आता," ते घाईनं म्हणाले. "जायच्या आत एकदा घेऊ. तू लाभापासूनच मोज. तिच्यासारखं." आणि वही हातात तशीच धरून ते बाहेर गेले. पाळण्यावरून जाताना त्यांचं धोतर पोरीच्या हाताला लागलं. तिनं मूठ मिटली, तर मुठीत काही नव्हतं. ती रडायला लागली.

सुमतीनं तिला उचलून मांडीवर घेतलं आणि घड्याळापुढं बसली. आपण काय केलं ते तिला ठाऊक होतं. अंगणात तिवईचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला, मग काही नाही. मांडीवरची रड हळूहळू ओसरली. हेमानं हात वर केला, नेहमीप्रमाणे टाक धरला आणि ओढून तोंडात घातला. हिरड्या शिवशिवत असाव्यात, त्या चांदीच्या बाईला ती मन लावून चावू लागली.

सुमतीनं बोटं सोडवली नाहीत.

"आता!"

"लाभ," ती मोठ्यानं म्हणाली. सासूबाई ऐकोत, शेजार ऐको. आणि कानाच्या पाळीशी तोच शब्द तिच्या शब्दाबरोबरच उमटला, ना पुढं, ना मागं.

"दोन," दोघी म्हणाल्या.